प्राथमिक शाळेत धर्माचे शिक्षण : मर्यादा आणि कर्तव्य

प्राथमिक शाळेत धर्माचे शिक्षण द्यावे की नाही, हा प्रश्न शिक्षकांच्या मेळाव्यांतून आणि ग्रामपंचायतींच्या बैठकांतून वारंवार उपस्थित होतो. मुलांवर चांगले संस्कार व्हावेत, ही त्यामागील पालकांची तळमळ खरी असते. तथापि, धर्माचा उपदेश करणे आणि धर्मांविषयी माहिती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

पहिल्या गोष्टीबाबत संविधान निःसंदिग्ध आहे. पूर्णतः शासनाच्या पैशाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळांना हाच नियम लागू आहे. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही धार्मिक शिक्षणाची अथवा उपासनेची सक्ती करता येत नाही; विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते.

या तरतुदीमागे धर्माविषयी अनादर नाही. ज्या वर्गात एकाच मुलाचा धर्म वेगळा असतो, तेथे सर्वांनी हात जोडले असता त्या एकाकडेच नजरा वळतात. सहा वर्षांच्या बालकाला गुरुजींना ‘नाही’ म्हणता येत नाही. शाळा आपली नव्हे, अशी खूणगाठ त्याच्या मनात एकदा बसली, की ती सुटणे कठीण. संविधानाने संरक्षण दिले आहे ते अशा एकेकट्या मुलाला.

दुसरी गोष्ट मात्र निषिद्ध नाही. ती आवश्यकच आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने धार्मिक शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत स्पष्ट भेद केला आणि प्राथमिक स्तरावर जगातील थोर धर्मांतील कथांचा उपयोग करण्याची शिफारस केली. धर्मांच्या अभ्यासाला अनुच्छेद २८ ची आडकाठी नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही २००२ मध्ये दिला.

असे शिक्षण वर्गात कसे द्यावे? भिंतीवरील दिनदर्शिकेपासून आरंभ करता येईल. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी का येते आणि दिवाळी शरद ऋतूच्या आसपासच का राहते? हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. पंचांगात अधिक मास धरून चांद्रवर्षाचा सूर्याशी मेळ घातला जातो. एवढ्या पाठात गणित, भूगोल आणि शेजाऱ्याचा सण तिन्ही येतात. संत नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला, हे सांगताना महाराष्ट्राचे पंजाबशी असलेले नाते मुलांना सहज उमगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माचा स्वीकार केला, ही घटनाही याच ओघात समजावून देता येते.

येथे शिक्षकाच्या भाषेला फार महत्त्व आहे. ‘आपले सण’ आणि ‘त्यांचे सण’ अशी वाटणी वर्गात होता कामा नये. ‘अमुक धर्माचे लोक असे मानतात’ एवढेच सांगावे. खरेखोटेपणाचा निवाडा करू नये.

गावकऱ्यांचाही यात वाटा आहे. शाळेला देणगी देताना विशिष्ट पूजाविधीची अट घालू नये. शाळेच्या कार्यक्रमात सर्व घरांतील मुलांना सारखे स्थान मिळते की नाही, हे पंचायत सदस्यांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने आवर्जून पाहावे. श्रद्धेचे संस्कार करण्यास घर आणि प्रार्थनास्थळे समर्थ आहेत. निरनिराळ्या श्रद्धांच्या मुलांना एका बाकावर निर्धास्तपणे बसता यावे, याची जबाबदारी मात्र शाळेची आहे.