पूर्ण बाह्या आणि बार्बाडोस
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कॅरिबियन बेटांवर सुटीला जाताना काय घालावे आणि कुठे उतरावे, असा आजचा विषय आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या सोलापूरच्या माणसाने या विषयावर काय सांगावे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही आठ दिवस बार्बाडोसला राहून आलो. या दोन्ही प्रश्नांची आधी चुकीची उत्तरे दिली, मग बरोबर उत्तरे सापडली. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघे टोरांटोला मुलाकडे होतो. खिडकीबाहेर बर्फ. एक दिवस मुलगा म्हणाला, "बाबा, थंडीला कंटाळलात ना? आठ दिवस बार्बाडोसला जाऊ. इथून विमानाने पाच तास लागतात." नातू टेबलाभोवती नाचू लागला. मी मात्र एकच विचारले, "तिथे काय घालतात?"

सगळे हसले. आमची ही हसली नाही. तिला या प्रश्नाचा अर्थ ठाऊक होता.

श्रोतेहो, मला कोड आहे. चौतिसाव्या वर्षी डाव्या मनगटावर पांढरा ठिपका उमटला, मग हात, कोपर, पाय असे करत तो पसरला. हा रोग संसर्गजन्य नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही, हे मला पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितले. पण काउंटरवर माझ्या हातून नोटा घेताना बोटे आखडणाऱ्या गिऱ्हाइकांना ते कोण सांगणार? त्या वर्षापासून मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागलो. सोलापूरच्या मे महिन्यातही. लग्नकार्यात पंगतीला वाढायला उभा राहिलो नाही. आणि नदी, तलाव, समुद्र या गोष्टी लांबून पाहायच्या, असे ठरवून टाकले.

त्यामुळे उतरायची जागा शोधायचे काम मी हौसेने अंगावर घेतले. बेटाचा पूर्व किनारा, बाथशेबा नावाचे गाव. फोटोत पाण्यात उभे असलेले प्रचंड खडक, फेसाळ लाटा आणि माणूस एकही नाही. भाडेही कमी. मी घरच्यांना सांगितले, "स्वस्त आहे, शांत आहे." खरे कारण एवढेच होते, की तिथे मला पाहायला कोणी नव्हते.

आता बार्बाडोसचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी २३. सगळे बेट ४३० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही लहान. पण इतक्याशा बेटाला तीन वेगळे समुद्र आहेत म्हणा ना. पूर्वेला अटलांटिक महासागर. तिथून थेट आफ्रिकेपर्यंत मध्ये जमीन नाही, त्यामुळे वाऱ्याबरोबर आलेली लाट सगळा जोर घेऊन इथेच आपटते. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचे हे तीर्थक्षेत्र. पोहणाऱ्यांसाठी मात्र धोक्याचे. पश्चिमेला कॅरिबियन समुद्र. बेटच आड येत असल्याने तिथले पाणी तळ्यासारखे शांत. आणि दक्षिणेचा किनारा या दोन्हींच्या मधला.

बाथशेबाला पोचलो आणि नातवाने पोहायची चड्डी घालून धूम ठोकली. तिथल्या बाईंनी त्याला हात धरून परत आणले. म्हणाल्या, ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत बसा, पण समुद्रात उतरू नका. दोन दिवस आठ वर्षांचे ते पोर डबक्यात बसून लाटांकडे पाहत होते. दुसऱ्या रात्री त्याने आजीला विचारले, "आजोबांनी असा समुद्र का निवडला?" मी अंथरुणात जागा होतो. मी ऐकले.

सकाळी मीच मुलाला म्हटले, "आपण इथून निघू या." मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या रात्रीचे पैसे परत मिळणार नाहीत." मी म्हटले, "ते माझ्याकडून." भाड्याची मोटार होतीच. तिथे गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. तासाभरात आम्ही दक्षिण किनाऱ्यावर, क्राइस्ट चर्च परगण्यातल्या वर्दिंगला आलो.

म्हणून उतरण्याबद्दल माझा सल्ला असा. हातात पैसा असेल आणि शांत पाणी हवे असेल, तर पश्चिम किनारा. होलटाउन आणि त्याच्या आसपासची महागडी हॉटेले तिथेच आहेत. मध्यमवर्गीय कुटुंब असेल, तर दक्षिण किनारा. तिथे स्वयंपाकघर असलेल्या सदनिका भाड्याने मिळतात, दुकाने जवळ, बस दाराशी. फक्त सेंट लॉरेन्स गॅपच्या अगदी मध्यात खोली घेऊ नका. तिथे रात्री गाणेबजावणे चालते. पूर्व किनारा एका दिवसाच्या सहलीसाठी ठेवा. तो पाहण्यासारखा आहेच. आणि एक लक्षात असू द्या, बार्बाडोसचे सगळे समुद्रकिनारे सार्वजनिक आहेत. महाग हॉटेलसमोरच्या वाळूवरही तुम्ही चटई टाकू शकता. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हवा कोरडी, पण भाडी चढी. खोलीचे भाडे विचारताना कर आणि सेवाशुल्क धरून किती, हे आधीच विचारावे.

स्वयंपाकघर का हवे, ते शाकाहारी मंडळींना सांगायला नको. तिथले राष्ट्रीय जेवण म्हणजे कू-कू आणि उडणारे मासे. यातले कू-कू म्हणजे मक्याच्या पिठाची भेंडी घालून केलेली उकड. भातात शिजवतात ते 'पिजन पीज' म्हणजे आपली तूर. बाजारात नीरफणस मिळाला, तेव्हा कोकणात माहेर असलेल्या आमच्या हिने त्याच्या कापा परतल्या आणि सगळ्या प्रवासाचा शीण विसरली. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. प्रवाळाच्या चुनखडीतून ते गाळून येते. विजेचा दाब मात्र आपल्या निम्मा आणि पिना चपट्या. घरून नेलेली इस्त्री तिथे कुचकामाची.

आता कपडे. तिथे तापमान बाराही महिने साधारण २४ ते ३१ अंश. सुती, सैल, फिकट रंगाचे कपडे न्यावेत. एक गोष्ट मात्र चुकूनही नेऊ नये. लष्करी ठिपक्यांचे, म्हणजे कॅमोफ्लाज नक्षीचे कपडे. बार्बाडोसमध्ये ते नागरिकांना घालायला कायद्याने बंदी आहे, लहान मुलांनासुद्धा. नातवाची तशी टोपी मुलाने निघताना बॅगेतून काढून ठेवली, म्हणून बरे.

दुसरे, पोहण्याचे कपडे फक्त वाळूवर. त्या वेषात दुकानात किंवा बसमध्ये शिरणे तिथे असभ्य समजतात. हा मला सुखद धक्का होता. माझी समजूत अशी, की या बेटांवर सगळे उघडेच हिंडतात. प्रत्यक्षात ब्रिजटाउनमध्ये माणसे नीटनेटके कपडे घालून कामाला जातात, आणि रविवारी चर्चला निघालेल्या आजीबाईंच्या टोप्या पाहत राहाव्यात. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचे. न म्हटले तर तुम्ही उद्धट ठरता. पश्चिमेच्या मोठ्या हॉटेलांत रात्री जेवायला जायचे असेल, तर पुरुषांनी लांब पँट न्यावी.

आणि पाण्यात काय घालावे? सोलापूरच्या माझ्या त्वचारोगतज्ज्ञांना मी टोरांटोहून फोन केला होता. ते म्हणाले, "पांढऱ्या डागांत रंगद्रव्य नाही, ते उन्हाने लगेच भाजतील. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घ्या. त्यावर यूपीएफ ५० लिहिलेले असते, म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत येतो. उघड्या भागाला दर दोन तासांनी सनस्क्रीन. दहा ते तीन सावलीत." वर्दिंगच्या वाळूवर उतरलो आणि पाहतो तो काय! निम्मी माणसे तसलाच शर्ट घालून पाण्यात. लहान मुले, गोऱ्या बायका, तिथले तरुण. ज्या पूर्ण बाह्या मी इतकी वर्षे लपायला वापरल्या, त्या इथे साध्या शहाणपणाचा पोशाख होत्या. आमच्या हिने सुनेच्या आग्रहाने पोटरीपर्यंतची पोहण्याची विजार आणि तसाच शर्ट घेतला. बायकांना सांगतो, सलवार-कमीज किंवा साडी नेसून लाटेत जाऊ नका. ओले कापड पायांत गुंडाळते आणि माणूस पडतो. पायांत रबरी बूट घाला, प्रवाळाचे खडक कापतात. संध्याकाळी डासांसाठी अंगभर कपडे हवेत. आणि मँचिनील नावाच्या झाडाखाली बसू नका. फळ हिरव्या सफरचंदासारखे, पण विषारी. चीक लागला तर फोड येतात, म्हणून पावसातही त्याचा आडोसा घ्यायचा नाही. बऱ्याच ठिकाणी बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो.

चौथ्या दिवशी मी आणि ही बसने ब्रिजटाउनला निघालो. थांब्यांवर 'टू सिटी' आणि 'आउट ऑफ सिटी' एवढेच लिहिलेले असते. मला केन्सिंग्टन ओव्हल पाहायचे होते. आमच्या लहानपणी वडीलधारे सांगत, १९६२ साली बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू नरी काँट्रॅक्टरच्या डोक्याला लागला आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त द्यायला पुढे आला.

बसमध्ये शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. मी दांडी धरली होती, बाही मागे सरकली होती. त्यांनी हाताकडे पाहिले. मी सवयीने बाही ओढली. त्या म्हणाल्या, "दुखतं का हो ते?"

श्रोतेहो, इतक्या वर्षांत लोकांनी मला औषधे सुचवली, पथ्ये सुचवली, उपास सुचवले. बाकीच्यांनी नजर वळवली. दुखतं का, असे कोणी विचारले नव्हते. मी म्हटले, "नाही, फक्त उन्हात भाजतं." त्या म्हणाल्या, "मग टोपी का नाही घातली?" आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या. विषय संपला.

टोपी ब्रिजटाउनमध्येच घेतली. विसाव्या शतकात बंगालमधून आणि सुरतेकडून आलेले मुसलमान व्यापारी इथे पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार हप्त्याने कापड विकत. अशाच एका कुटुंबाच्या दुकानात आम्ही गेलो. मालकांनी हिच्याशी गुजरातीत बोलून दोन डॉलर कमी केले. तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, पण आनंद पूर्ण झाला.

परतायच्या आदल्या दिवशी पहाटे जाग आली. तिथली म्हातारी माणसे ऊन चढायच्या आत समुद्रस्नानाला येतात. सहाच्या सुमारास मी आणि ही वाळूवर गेलो. ऊन कोवळे होते, भाजण्याची भीती नव्हती. मी शर्ट काढला आणि हिच्या हातात दिला. ती काही बोलली नाही, घडी घालून काखेत धरला. पाण्यात तीन-चार वृद्ध गळ्यापर्यंत उभे राहून गप्पा मारत होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, "मॉर्निंग." मी म्हटले, "मॉर्निंग." मग ते पुन्हा आपल्या गप्पांत गुंतले. थोड्या वेळाने मागून नातवाचा आवाज आला, "आजोबा, थांबा, मी येतो!" पहिल्या समुद्राचे देणे मी त्या सकाळी फेडले.

चार महिन्यांनी, २९ जून २०२४ रोजी त्याच केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. पाठोपाठ बेरिल चक्रीवादळ आले, विमानतळ बंद झाला आणि विश्वविजेते हॉटेलात अडकून पडले. वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेले, तरी मच्छीमारांच्या बोटींचे फार नुकसान झाले. म्हणून जाण्याबद्दल शेवटचा सल्ला. जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा काळ. तेव्हा भाडी उतरतात, पण जोखीम चढते. भारतीय पारपत्रावर बार्बाडोसला सुटीसाठी व्हिसा लागत नाही. मात्र वाटेतल्या देशाचा लागू शकतो, तो निघण्यापूर्वी तपासा. आणि पुढे त्रिनिदादलाही जाणार असाल, तर पिवळ्या तापाची लस घेऊन दाखला जवळ ठेवा. भारतात परतताना तो मागतात.

काय घालावे, याचे उत्तर मी सविस्तर दिले. एक राहिले. तुम्ही मला पाहू शकत नाही, म्हणून सांगतो. आज ध्वनिमुद्रणाला मी संध्याकाळी आलो आहे, ऊन उतरले आहे. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला आहे.