हद्द कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

संयोजकांनी मला विषय दिला तो ‘फ्रंटियर’ या शब्दाचा. त्याचा अर्थ काय, तो आला कुठून, आणि आपल्या कामाशी त्याचा संबंध काय. आधी वाटलं, हा विषय भाषेच्या अभ्यासकांचा. मी समाजकार्य शिकलेली, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस घेणारी बाई. पण शब्दकोश उघडून बसले आणि लक्षात आलं की या शब्दाची मराठी भावंडं तर रोज आपल्या केंद्रात येऊन बसतात. पोलीस ठाण्यात त्यांच्यावाचून पान हलत नाही.

आधी इंग्रजी शब्दाचं मूळ पाहू. लॅटिनमध्ये ‘फ्रॉन्स’ म्हणजे कपाळ. त्यावरून फ्रेंचमध्ये पुढची बाजू, सैन्याची आघाडीची फळी, आणि मग देशाचा शेजाऱ्याकडे तोंड करून असलेला भाग असे अर्थ आले. तिथून हा शब्द इंग्रजीत गेला. म्हणजे देशाला एक माणूस मानलं आणि त्याच्या कपाळाला फ्रंटियर म्हटलं.

आता आपला ‘सरहद्द’ घ्या. फारसी ‘सर’ म्हणजे डोकं, आपल्या ‘शिर’ शब्दाचा सख्खा भाऊ. ‘हद्द’ अरबी. दोन्ही मिळून सरहद्द. वायव्येकडच्या ज्या प्रांताला इंग्रजांनी १९०१ साली ‘फ्रंटियर’ हे नाव दिलं त्याला आपण सरहद्द प्रांत म्हटलं आणि खान अब्दुल गफार खान आपल्याकडे ‘सरहद्द गांधी’ झाले. तिकडे कपाळ, इकडे डोकं.

तिसरा शब्द ‘सीमा’. सीमाभाग म्हटलं की आपल्याला बेळगाव आठवतं. पण संस्कृतमध्ये याच घरातला दुसरा शब्द आहे ‘सीमन्त’, म्हणजे केसांतला भांग. डोक्यावरच्या केसांचे दोन भाग करणारी रेघ. त्यावरून बाईला नाव मिळालं सीमंतिनी. गरोदर बायकोचा भांग नवऱ्यानं काढायचा, त्या संस्काराचं नाव सीमंतोन्नयन. म्हणजे जमिनीवरची रेघ आणि बाईच्या डोक्यावरची रेघ एकाच शब्दातून निघाल्या. ही रेघ नुसती तिच्या डोक्यावर आहे एवढंच नाही, संस्कारात ती काढणारा हात नवऱ्याचा आहे.

याच ‘सीमा’ची मराठी लेक म्हणजे ‘शीव’. गावाची शीव आपण म्हणतोच. मुंबईचं शीव स्टेशन, ज्याला इंग्रजांनी सायन केलं, तेही हेच. तिथे मुंबई बेटाची हद्द संपायची आणि पलीकडे पोर्तुगीजांच्या ताब्यातली साष्टी लागायची. रोज हजारो बायका तिथे लोकलमधून उतरतात, त्या एका जुन्या सरहद्दीवर उतरत असतात.

आता प्रश्न असा की ही रेघ ठरवायचं कुणी? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमेच्या भांडणांवर बरंच लिहिलेलं आहे. सीमेवर वड, पिंपळ, पळस अशी झाडं लावावीत. हाडं, कोळसा, राख, खापऱ्या, विटा जमिनीत पुरून ठेवाव्यात, म्हणजे वाद झाला तर खूण सापडेल. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्रं नेसून शपथ घ्यावी. बघा, इथेही डोकं आलंच. आपल्या महाराष्ट्रात गावाच्या शिवेच्या तंट्यात महार वतनदाराची साक्ष मोलाची मानत. गावाची शीव कुठून कुठे जाते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसे. आणि त्याच माणसाचं घर मात्र वेशीबाहेर. ज्यानं रेघ राखायची त्यालाच रेघेच्या आत जागा नाही. ही वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली, पण ‘वेशीबाहेर’ हा शब्द अजून गेलेला नाही. सीमा म्हणजे नुसतं अंतर नव्हे हे यावरून कळतं. आत कोण आणि बाहेर कोण, याचा तो निवाडा असतो.

अमेरिकेत या शब्दाला आणखी एक वळण मिळालं. तिथे फ्रंटियर म्हणजे दोन देशांमधली रेघ राहिली नाही. गोऱ्यांची वस्ती जिथे संपते आणि ‘मोकळी’ जमीन सुरू होते ती कड, असा अर्थ झाला. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारानं शिकागोत निबंध वाचला आणि अमेरिकन माणसाचा स्वभाव या फ्रंटियरनंच घडवला असं मांडलं. पण ती जमीन मोकळी नव्हती. तिथे मूळ रहिवाशांची राष्ट्रं नांदत होती, आणि १८३० च्या कायद्यानं त्यांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलायला सुरुवात झाली होती. ज्याला तुम्ही मोकळी म्हणता तिथे आधीपासून कोण राहतंय, हे विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

त्याच जमिनीच्या वाटपात बायकांचं काय झालं? १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली १६० एकर मिळत. एकवीस वर्षांच्या अविवाहित बाईला, विधवेला, कुटुंबप्रमुख असलेल्या बाईला अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर राहणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या नावानं सहसा करता येत नसे. लग्न झालं की तिची वेगळी हद्द उरत नाही. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधणाऱ्यांना यात काही नवं वाटणार नाही. लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ साली केला, देशानं २००५ साली. बांधावर मात्र अजून भाऊच उभा असतो आणि बहीण हक्कसोडपत्रावर सही करून माहेरची साडी घेऊन जाते.

सीमा बाईच्या शरीरावरून कशी जाते याचं सर्वांत कठोर उदाहरण आपल्याच देशातलं आहे. फाळणीची रेघ आखायला रॅडक्लिफ जुलै १९४७ मध्ये आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता. पाच आठवड्यांत रेघ तयार झाली, आणि स्वातंत्र्याच्या दोन दिवस नंतर, १७ ऑगस्टला, ती लोकांना कळली. हजारो बायका पळवल्या गेल्या. दोन्ही सरकारांनी त्यांना शोधून परत पाठवायचं ठरवलं. १९४९ साली आपल्याकडे त्यासाठी कायदा झाला. त्यात ‘पळवलेली व्यक्ती’ कुणाला म्हणायचं? मुलगा असेल तर सोळा वर्षांखालचा. बाई असेल तर कुठल्याही वयाची. चाळीस वर्षांची बाईही कायद्याच्या लेखी अजाणच! दोन्हीकडून मिळून सुमारे तीस हजार बायका परत पाठवल्या गेल्या. त्यातल्या अनेकींना सुटका हवी होती, त्यांच्यासाठी मृदुला साराभाई, कमला पटेल यांच्यासारख्या कार्यकर्त्या जिवावर उदार होऊन राबल्या. पण ज्यांचं तिथे पुन्हा घर बसलं होतं, मुलं झाली होती, त्यांनी ‘जायचं नाही’ म्हटलं तरी त्या शब्दाला कायद्यात वजन नव्हतं. उर्वशी बुटालिया, रितू मेनन आणि कमला भसीन यांनी १९९८ च्या सुमारास आपल्या पुस्तकांतून या बायकांचं बोलणं आपल्यापर्यंत पोचवलं, तोवर पन्नास वर्षं उलटली होती.

आता घराकडे येऊ. ‘मर्यादा’ हा शब्दही मुळात सीमेचाच. शेताची मर्यादा, समुद्राची मर्यादा. पण मराठीत मर्यादशील कोण? पुरुषाला हे विशेषण लावलेलं क्वचितच ऐकू येतं. जमिनीवरचा शब्द अलगद उचलून बाईच्या पदरावर ठेवला गेला. आणि लक्ष्मणरेषा! प्रत्येक व्याख्यानात, प्रत्येक लग्नात ती आपल्याला दाखवतात. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, नंतरच्या कथांतून ती आली. पण गंमत अशी की ज्या कथेत ती आहे तिथेही रेषा ओढणारा पुरुष, फसवून ओलांडायला लावणारा पुरुष, आणि दोष मात्र ओलांडणारीला.

हे सगळं मी का सांगते आहे? कारण आपल्या केंद्रात येणाऱ्या बाईचा पहिला झगडा हद्दीशीच असतो. मागे एक बाई आली होती. सासर एका जिल्ह्यात, माहेर दुसऱ्या. मारहाण सासरी झाली. अंगावरच्या कपड्यांनिशी, धाकटं मूल कडेवर घेऊन ती माहेरी आली. माहेरच्या ठाण्यात सांगितलं, “गुन्हा आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा.” तिकडे म्हणजे कुठे, तर जिथून जीव मुठीत धरून ती पळाली त्याच गावी. ती भावाबरोबर गेली. तिथे म्हणाले, “बाई, तुम्ही आता राहता कुठे? मग तिथेच नोंदवा ना.” तीन आठवडे, चार खेपा, भावाचे बुडालेले खाडे. शेवटी भावजय म्हणाली, जाऊ द्या आता. मैत्रिणींनो, ‘जाऊ द्या’ हा शब्द बाईच्या तोंडून निघावा म्हणूनच जणू ही हद्द वापरली जाते.

म्हणून कायदा काय सांगतो ते पाठ करून ठेवा.

एक. दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यानं घ्यायची आहे, मग गुन्हा कुठेही घडलेला असो. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात तो हाच. शून्य क्रमांकानं नोंद करायची आणि कागद योग्य ठाण्याकडे पाठवायचे. हे काम त्यांचं, बाईचं नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट शब्दांत आलं आहे. खबरीची प्रत फुकट मिळाली पाहिजे.

दोन. काही गुन्ह्यांत ठाण्याला वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवस प्राथमिक चौकशी करता येते. सासरच्या छळाची तक्रारही त्यात बसू शकते. पण चौकशी वेगळी आणि ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवणं वेगळं. नकार मिळाला तर तक्रार लेखी पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोच जपून ठेवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तीन. घरातून हाकललेली बाई जिथे आसऱ्याला आली, तिथेही सासरच्या छळाचा खटला चालू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली रूपाली देवी खटल्यात सांगितलं. मार बसला तिकडे, पण त्याचा मनावरचा घाव ती सोबत घेऊन आली आहे, तो छळ इथेही चालूच आहे, हे न्यायालयानं मान्य केलं. माझ्या मते या निकालानं हद्दीचा अर्थच बदलला. गुन्ह्याची जागा नकाशावर शोधण्याआधी ती बाईच्या अनुभवात शोधली गेली.

चार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती राहत असेल तिथेही अर्ज करता येतो. मैत्रिणीची खोली असो नाहीतर आपलं आधारगृह.

आणि हे सगळं ठाण्यात सांगताना आवाज चढवायची गरज नाही. कलमाचा आकडा कागदावर लिहून न्या, नकार देत असतील तर तो लेखी मागा, सोबत दोघीजणी जा. लेखी नकार मागितला की बऱ्याचदा रजिस्टर उघडतं, हा माझा दहा वर्षांचा अनुभव आहे.

ती चार खेपा घातलेली बाई पाचव्या खेपेला आपल्या दोघी कार्यकर्त्यांसह माहेरच्याच ठाण्यात गेली. नोंद झाली. केस अजून चालू आहे, निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण बाहेर आल्यावर तिनं खबरीची प्रत नीट घडी करून पदराला बांधली.

सीमा राहणारच. शेताला बांध लागतो, घराला दार लागतं, आणि मारणाऱ्या हाताला तर हद्द घालूनच दिली पाहिजे. आपलं म्हणणं एवढंच की जिच्या आयुष्यावरून ही रेघ जाते, तिला विचारल्याशिवाय ती आखू नका. दुपारच्या सत्रात गटागटानं बसू, आपापल्या तालुक्यात कुठल्या ठाण्यातून बायका हद्दीचं कारण सांगून परत पाठवल्या गेल्या त्याची यादी करू, आणि ती घेऊन जिल्ह्याच्या अधीक्षकांना भेटायचा दिवस आजच ठरवू.