जुने कागद आणि गावची शाळा

(तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत केलेले भाषण)



परिसर-अभ्यासात गावचा इतिहास शिकवावा, असे आपण सर्वच म्हणतो. पण तो आणावयाचा कोठून, हा प्रश्न वर्गात उभे राहिल्यावर पडतो. पाठ्यपुस्तकात आपल्या गावाचे नाव नसते. मग पारावरच्या वृद्धांकडून चार आख्यायिका ऐकून आपण त्याच मुलांना सांगतो. आख्यायिका टाकाऊ मुळीच नव्हेत. तथापि जमीन कोणी कसली, कोणास कशाबद्दल इनाम मिळाले, याची लेखी साक्षही बहुधा कोठे ना कोठे असते. त्या साक्षीकडे शिक्षकाने कसे जावे, एवढाच आजचा माझा विषय आहे.

आरंभी माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो. तरुणपणी मी एका लहानशा गावी शिक्षक होतो. मोडीचा वर्ग नुकताच पुरा केला होता आणि अंगी नव्या विद्येचा उत्साह होता. देवस्थानच्या पेटीत एक इनामपत्र निघाले, ते गावकऱ्यांनी मजकडे आणले. कागदावर साल होते ‘सीत खमसैन मया व अलफ’. सहा, पन्नास, शंभर आणि हजार, बेरीज ११५६. मी तो इसवी सन समजलो आणि भरसभेत सांगून टाकले की, आपल्या देवस्थानचे इनाम आठशे वर्षांहून जुने आहे. गावाला केवढा आनंद झाला! आठ दिवसांत देवळाच्या दारावर तसा फलक लागला.

पुढे तोच कागद मी वर्गात वाचून दाखविला. त्यात बाळाजी बाजीराव पंतप्रधानांचे नाव होते. सहावीतील एक मुलगी उठून म्हणाली, “गुरुजी, पेशवे तर शिवाजी महाराजांच्या नंतरचे. मग हा कागद महाराजांच्या आधीचा कसा?” मजजवळ उत्तर नव्हते. रात्री जंत्री घेऊन बसलो, तेव्हा उलगडा झाला. ते शुहूर सन होते. त्यात मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व त्यापुढील महिन्यांत ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. कागद १७५५-५६ चा होता.

दुसऱ्या दिवशी मी चूक प्रथम वर्गात कबूल केली व नंतर गावकऱ्यांपुढे. काहींना राग आला. “गुरुजींनी देवाचे वय सहाशे वर्षांनी घटविले,” असे ते म्हणत. फलक बदलावयास दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत शाळेत जाता-येता तो फलक मला दिसे. खेड्यात शिक्षकाचा शब्द लोक तपासून पाहत नाहीत, तो भिंतीवर लिहून ठेवतात. म्हणूनच तो तपासण्याचे काम आपले आहे.

आता साधनांकडे वळू. जुन्या मराठी कागदांत शक, शुहूर व फसली असे निरनिराळे सन आढळतात. आपल्याकडील फसलीत ५९० वा ५९१ मिळवावे लागतात. सन कोणता हे ठरल्यावाचून कागदाचा काळ सांगू नये. तसेच कागदात आलेली माणसे त्या काळात होती काय, हे पाहावे. त्या मुलीने नेमके हेच केले होते.

दुसरी गोष्ट अस्सल व नक्कल यांची. पेशवाई १८१८ साली संपली. पुढे इंग्रजांनी इनामांची चौकशी आरंभिली व १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले. इनामदारांच्या सनदा पेशव्यांच्या दप्तरातील नोंदींशी ताडून पाहण्यात आल्या व अनेकांची इनामे गेली. त्या चौकशीत सरकारचा स्वार्थ होता, हे उघड आहे. परंतु एक पद्धत आपण त्यातून घ्यावी. घरातील सनद एकटी पुरेशी नसते. तिला दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीचा दुजोरा हवा. ते दप्तर आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातील निवडक कागद रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध झाले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून कागद मिळविले आणि १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच ध्यासातून.

परंतु प्रत्येकास पुण्यास जाणे शक्य नसते. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुनी टिपणे व शेतवार पत्रके असतात. तलाठ्याकडे आकारबंद असतो, फेरफार असतात आणि गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही असते. ह्या मोजणीचा पाया गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घातला. त्यापूर्वी प्रिंगल यांनी केलेली पुणे जिल्ह्याची आकारणी शेतकऱ्यांना जड जाऊन फसली होती. नव्या पद्धतीत शेताला नंबर मिळाला आणि आकार तीस वर्षांकरिता ठरला.

नंबर आला, पण शेताचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. जुन्या थळांची नावे पुष्कळदा मूळ कुळांवरून पडलेली असत. घराणे नाहीसे झाले तरी त्याचे नाव जमिनीस चिकटून राही; अशा निर्वंश कुळाची जमीन ती गतकुळी. आपल्या गावात आज ज्या आडनावाचे एकही घर नाही, त्या आडनावाचे शेत सापडले तर तेथे थांबावे. दुष्काळ, साथ वा स्थलांतर, काहीतरी तेथे घडून गेले असेल.

मी सांगितलेल्या इनामपत्रातही चतुःसीमा होत्या आणि पूर्वेस ‘महारांचे हाडोळे’ असा उल्लेख होता. ज्या घराण्यातील मुले माझ्या वर्गात मागे बसत, त्यांचे पूर्वज त्या कागदात गावच्या सीमेचे साक्षी होते. पाटील-कुलकर्ण्यांइतकेच तेही गावचे वतनदार होते. परंतु एवढेच सांगून थांबलो तर तो अर्धा इतिहास होईल. त्या तुटपुंज्या जमिनीच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक घेतली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात ह्याविरुद्ध विधेयक मांडले, आणि १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने नष्ट करण्यात आली. कागद वाचताना सन्मान आणि अन्याय दोन्ही वाचावेत. मात्र वर्गात कोणत्याही मुलाकडे बोट दाखवून त्याची जात इतिहासाचा विषय करू नये.

वर्गात काय करावे? मुलांना घरोघर विचारून शेतांच्या नावांची यादी करू द्या व ती नकाशावर मांडा. तेहतीस फुटांच्या साखळीने पटांगण मोजा. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. मुले हे विसरणार नाहीत.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. कोणाचाही अस्सल कागद शाळेत ठेवून घेऊ नये. नक्कल करून त्याच दिवशी परत करावा. आणि जमिनीच्या चालू तंट्यात आपल्या वाचनाचा पुरावा कोणी मागितला, तर नम्रपणे नकार द्यावा. तो अधिकार कचेरीचा आहे.

शेवटी एका दानाचे स्मरण करतो. चाळीसगावजवळ पाटणे येथील देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व त्यास निकुंभ राजाने दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गणित शिकविणाऱ्या एका शाळेच्या चरितार्थासाठी दिलेले हे दान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख वाचल्यामुळे आपणांस कळले. आपल्या गावातही असा एखादा कागद वा शिळा वाचकाची वाट पाहत असेल. तो वाचावा, बरोबर वाचावा, आणि चुकलो तर मुलांसमोर सांगावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.