पश्चिम सीमेचा इतिहास : कागद, जमीन आणि स्मृती



या अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. अध्यक्षाने आपल्या अभ्यासक्षेत्रातला एखादा प्रश्न सभेपुढे ठेवावा, अशी आपल्याकडे रीत आहे. माझे अभ्यासक्षेत्र अमेरिकेच्या पश्चिम सीमाप्रदेशाचा इतिहास हे आहे. तो कसा शोधला गेला आणि त्याची साधने कशी जपली गेली, याविषयी मी आज बोलणार आहे.

मराठी वाचकाला हा विषय अगदीच परका नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’ वाचताना ओहायोच्या जंगलात वसाहत कशी रुजली, हे आपण पाहिले. ‘रानातील प्रकाश’मध्ये मूळनिवाशांत वाढलेल्या गोऱ्या मुलाची दोन्हीकडून होणारी फरफट पाहिली. त्याच्याही कितीतरी आधी पंडिता रमाबाई अमेरिकेत होत्या. १८८६मध्ये त्या तिथे पोहोचल्या आणि १८८८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परत निघाल्या. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या जनगणना खात्याने सलग अशी सीमारेषा आता उरली नाही असे नोंदवले ते १८९०च्या जनगणनेनंतर. म्हणजे त्या घोषणेच्या आधीच एक मराठी लेखिका ते खंड ओलांडून पॅसिफिक किनाऱ्यावर पोहोचली होती.

याच घोषणेतून अमेरिकी इतिहासलेखनातला सर्वांत गाजलेला सिद्धान्त निघाला. १२ जुलै १८९३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या ३१ वर्षांच्या प्राध्यापकाने निबंध वाचला. मोकळी जमीन आणि पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्ती यांनीच अमेरिकन माणूस आणि त्याची लोकशाही घडवली, असे त्याचे म्हणणे होते. प्रदर्शनाच्या शेजारीच बफेलो बिल कोडीचे खेळ चालू होते. घोडेस्वार, बंदुका आणि लुटुपुटीच्या लढाया पाहायला तिथे झुंबड उडत असे. विद्वानांच्या सभेत आणि खेळाच्या मैदानात सांगितली जाणारी गोष्ट तपशिलात वेगळी होती. पण दोन्हीकडे नायक एकच होता, गोरा वसाहतकार. ज्या जमिनीला मोकळी म्हटले जात होते तिथे कोण राहत होते, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी कडेला राहिला.

टर्नरचा अभ्यास मोठा होता आणि त्याने विचारलेला प्रश्नही मोठा होता. त्याच्या सिद्धान्ताला पुढे अनेकांनी आव्हान दिले. १९८७ साली पॅट्रिशिया नेल्सन लिमरिक यांनी ‘द लेगसी ऑफ कॉन्क्वेस्ट’ या ग्रंथात पश्चिमेचा इतिहास हा जिंकण्याचा आणि त्या जिंकण्याच्या परिणामांचा इतिहास म्हणून मांडला. मात्र नवा सिद्धान्त आला म्हणून जुना मागे पडला, एवढेच सांगून भागत नाही. साधने बदलली, साधनांकडे पाहण्याची रीत बदलली, तेव्हा कुठे इतिहास बदलला. माझे आजचे सांगणे हेच आहे: जपणूक ही इतिहासलेखनाची पूर्वतयारी नाही, तीच इतिहासलेखनाचा पहिला निर्णय आहे.

साधने जमवणाऱ्यांत पहिले नाव घ्यावे लागते ह्यूबर्ट होव बँक्रॉफ्ट यांचे. सॅन फ्रान्सिस्कोचे हे पुस्तकविक्रेते. त्यांनी पश्चिमेविषयीचा मिळेल तो कागद विकत घेतला आणि १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन काळातील माणसांकडे मदतनीस पाठवून त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत मारियानो व्हायेहोसारखे सेनानी होते, तशाच मिशनमध्ये आयुष्य काढलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. याच सामग्रीवर बँक्रॉफ्ट यांनी ३९ खंड प्रसिद्ध केले. बरेचसे लेखन मदतनिसांचे होते, नाव मात्र एकट्या बँक्रॉफ्ट यांचे लागले. १९०५ साली हा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाने घेतला आणि पुढच्याच वर्षीच्या भूकंपातून व आगीतून तो बचावला. आज ते ३९ खंड क्वचितच कोणी सलग वाचतो. त्या वृद्ध स्त्रियांच्या जबान्या मात्र बर्कली येथील त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन अभ्यासक पुन्हा पुन्हा वाचतात. संग्राहकाची मते जुनी झाली, संग्रह जुना झाला नाही. राजवाड्यांनी काढलेले मराठ्यांच्या इतिहास-साधनांचे बावीस खंड हाताशी ठेवून काम करणाऱ्या या सभेला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता कागदाची दुसरी बाजू पाहू. १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन कसू इच्छिणाऱ्याला देऊ केली. अट अशी की, पाच वर्षे तिथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची. अविवाहित आणि विधवा स्त्रियांनाही अर्ज करता येत असे. मालकी मिळवताना दाव्याचा पुरावा द्यावा लागे आणि शेजारी साक्षीदार म्हणून उभे राहत. त्यामुळे प्रत्येक दाव्याच्या कागदपत्रांत त्या कुटुंबाचा संसारच उतरला आहे: घराची लांबी-रुंदी, दारे-खिडक्या, विहीर, गोठा, किती एकर नांगरले, कोणते पीक काढले. सुमारे १६ लाख दावे या कायद्याखाली मंजूर झाले. सामान्य शेतकऱ्याच्या जगण्याची इतकी तपशीलवार नोंद फार थोड्या देशांत सापडेल.

पण हीच जमीन आधी कोणाची होती, हे त्या दाव्याच्या कागदांत नसते. त्यासाठी करारनामे, राखीव प्रदेशांची दप्तरे आणि १८८७च्या डॉज कायद्यानंतरच्या वाटपाच्या याद्या उघडाव्या लागतात. त्या कायद्याने जमातींची सामाईक जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटली आणि ‘उरलेली’ जमीन इतरांसाठी खुली केली. १८८७ साली मूळनिवाशांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली. एका बाजूचे कागद वाचले तर कष्टाळू शेतकरी दिसतो. दोन्ही बाजूंचे वाचले तर तोच शेतकरी दिसतो आणि त्याच्या शिवाराखालची हरपलेली भूमीही दिसते. दोन्ही खरे आहे.

काहींचे तर कागदच उरलेले नाहीत. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमन्टरी येथे पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची रेल्वे जोडली गेली. सेंट्रल पॅसिफिक कंपनीचा सिएरा नेवाडाच्या खडकातून जाणारा मार्ग प्रामुख्याने हजारो चिनी मजुरांनी खणला. जून १८६७मध्ये त्यांनी पगारवाढ आणि कमी तासांसाठी संप केला. कंपनीने शिधा तोडून तो मोडून काढला. यांपैकी एकाही मजुराचे त्या कामावरून लिहिलेले पत्र किंवा रोजनिशी आजवर अभ्यासकांच्या हाती आलेली नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१२ साली गॉर्डन चँग आणि शेली फिशर फिशकिन यांच्या पुढाकाराने या मजुरांवर मोठा प्रकल्प सुरू झाला. कंपनीच्या पगारपत्रकांतली टोळीप्रमुखांची नावे, मुक्कामाच्या जागी सापडलेले वाडग्यांचे तुकडे, दक्षिण चीनमधल्या त्यांच्या गावांतल्या आठवणी आणि वंशजांच्या मुलाखती, एवढ्या सामग्रीवर अभ्यासकांनी त्यांचे जग उभे केले. हा धडा मोलाचा आहे. कागद नाही म्हणून माणूस नव्हता, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही.

साधन समोर असूनही ते फसवू शकते. एडवर्ड कर्टिस यांनी मूळनिवासी जमातींची हजारो छायाचित्रे टिपून १९०७ ते १९३० या काळात वीस खंड प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका छायाचित्रात पिगन जमातीचे दोन पुरुष तंबूत बसलेले आहेत. मूळ काचेच्या निगेटिव्हवर त्या दोघांच्या मधोमध एक घड्याळ आहे. छापताना कर्टिस यांनी ते घड्याळ पुसून टाकले. मूळनिवासी म्हणजे काळाबाहेरचा, संपत चाललेला माणूस, हे चित्र त्यांना हवे होते आणि घड्याळ त्या चित्रात बसत नव्हते. मूळ प्रत काँग्रेस ग्रंथालयाने जपून ठेवली, म्हणून आज आपल्याला घड्याळही दिसते आणि ते पुसणारा हातही कळतो.

जमिनीने दिलेली साक्ष किती बळकट असते, ते लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीने दाखवले. २५ जून १८७६ रोजी मोंटानात लाकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी लष्करातला अधिकारी कस्टर आणि त्याच्या तुकड्यांचा पूर्ण पराभव केला. शतकभर चित्रकारांनी टेकडीवर शेवटपर्यंत झुंजणाऱ्या कस्टरची चित्रे रंगवली. लढाईत उतरलेल्या योद्ध्यांचे म्हणणे वेगळे होते. लाकोटा योद्धा रेड हॉर्स याने १८८१ साली त्या लढाईची ४२ चित्रे काढून दिली होती आणि ती स्मिथसोनियन संस्थेत सुरक्षित होती. अनेक अभ्यासकांनी अशा साक्षींना दुय्यम मानले. ऑगस्ट १९८३मध्ये वणव्याने तिथले गवत जळाले आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ती रांगोरांग तपासली. सापडलेल्या काडतुसावर बंदुकीच्या आघातसुईचा (फायरिंग पिनचा) ठसा राहतो आणि प्रत्येक बंदुकीचा ठसा निराळा असतो. हे ठसे जुळवून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली, हे त्यांनी नकाशावर आणले. अनेक योद्ध्यांकडे लागोपाठ गोळ्या झाडणाऱ्या हेन्री आणि विंचेस्टर रायफली होत्या. सैनिकांकडे एकेक गोळी भरण्याच्या कार्बाइन होत्या. सैनिकांची फळी बऱ्याच ठिकाणी मोडून पडली होती, हे काडतुसांनी सांगितले. योद्ध्यांच्या आठवणी आणि जमीन एकमेकांशी बऱ्याच अंशी जुळली. १९९१ साली कायद्याने त्या रणभूमीवरच्या राष्ट्रीय स्मारकाच्या नावातून कस्टरचे नाव गेले आणि २००३मध्ये तिथे मूळनिवासी योद्ध्यांचे स्मारक उभे राहिले.

आणि शेवटी सँड क्रीक. २९ नोव्हेंबर १८६४ रोजी कोलोराडोत कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी शायेन आणि अरापाहो यांच्या छावणीवर हल्ला केला. छावणीवर अमेरिकेचा झेंडा फडकत होता. सुमारे २३० माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. कॅप्टन सायलस सूल याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. काही आठवड्यांतच त्याने आणि लेफ्टनंट जोसेफ क्रेमर याने डोळ्यांदेखत घडलेले सारे आपल्या वरिष्ठ सहकाऱ्याला पत्रांनी कळवले. सूलने पुढे झालेल्या चौकशीत साक्षही दिली आणि एप्रिल १८६५मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. चौकशांनी हत्याकांडाचा निषेध केला, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. पुढे कित्येक दशके या प्रकाराला लढाई म्हणण्याचाच प्रघात राहिला.

२००० साली कोलोराडोतल्या एका घरातल्या जुन्या पेटीत त्या पत्रांच्या प्रती निघाल्या. त्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने त्या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ करण्याचा कायदा केला आणि त्या चर्चेत ही पत्रे पुढे आली. तरी नेमकी जागा कोणती, हा प्रश्न होताच. पुरातत्त्वज्ञांना तोफगोळ्यांचे तुकडे एका ठिकाणी सापडले. मारल्या गेलेल्यांचे वंशज आणि छावणीतून वाचलेल्या जॉर्ज बेंटचा नकाशा दुसरे ठिकाण दाखवत होते. दोन्ही बाजूंनी नेटाने आपला पक्ष मांडला. अखेर स्थळाची हद्द दोन्ही जागा सामावून घेईल इतकी मोठी आखली गेली आणि २००७ साली ते स्थळ लोकांसाठी खुले झाले. मला हा निर्णय फार महत्त्वाचा वाटतो. वंशजांच्या स्मृतीला तिथे साक्षीदाराचा मान मिळाला. उलटतपासणी झाली, पण साक्ष नाकारली गेली नाही.

मित्रहो, या उदाहरणांतून एक शिस्त पुढे येते. कागद, जमीन आणि स्मृती ही तीन साधने शेजारी शेजारी ठेवायची, एकाने दुसऱ्याची परीक्षा घ्यायची आणि तिन्ही सारख्याच कसोशीने जपायची. कॅलिफोर्नियातले बोडी हे ओस पडलेले खाणीचे गाव १९६२पासून राज्याने जसे सापडले तसेच सांभाळले आहे. छप्पर गळू लागले तर दुरुस्ती होते, पण घर नवे करून रंगवले जात नाही. जपणारा आपल्या सोयीची भर घालत नाही, ही त्या कामाची नीती आहे. १९९०च्या कायद्याने मूळनिवाशांचे मानवी अवशेष संग्रहालयांनी त्यांच्या वंशजांना परत करावेत, असे बंधन घातले. जपण्याच्या नावाखाली जे बळकावले, ते परत देणे हाही जपणुकीचाच भाग आहे.

आपल्या परिषदेकडून माझ्या दोन अपेक्षा आहेत. पहिली विद्यार्थ्यांकडून. पश्चिमेच्या जमीनदप्तरांतल्या लाखो नोंदी आणि जुन्या वृत्तपत्रांची पाने आज घरबसल्या आणि विनामूल्य पाहता येतात. दुय्यम ग्रंथांच्या सारांशावर थांबू नका, मूळ नोंद वाचा आणि मराठीत लिहा. या प्रदेशाशी आपला धागाही आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या महाविद्यालयांत शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीत उतरले. अशा मराठी माणसांचा माग तिथल्या दप्तरांत घेण्याचे काम एखाद्या तरुणाने हाती घ्यावे.

दुसरी अपेक्षा आपणा सर्वांकडून. सूलच्या पत्रांच्या प्रती एका कुटुंबाने फेकून दिल्या नाहीत, म्हणून एका देशाला आपले पाप स्पष्ट वाचता आले. आपल्या घरांतही पत्रे, सातबाऱ्याचे जुने उतारे, रोजकीर्दी आणि छायाचित्रे पडून आहेत. त्यांत काय महत्त्वाचे ठरेल, ते आज कोणालाच ठरवता येणार नाही. म्हणून निवड करत बसू नका. कागद कोणाचा, कुठून आला, छायाचित्रात कोण आहे, हे आजच लिहून ठेवा. घरातल्या वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत नोंदवा आणि हे सारे जवळच्या एखाद्या विश्वासू संग्रहाच्या हवाली करा. पुढच्या अधिवेशनाला येताना प्रत्येकाने अशी एक तरी नोंद पूर्ण करून यावे, अशी आपणा सर्वांना माझी कळकळीची विनंती आहे.