टायरची नक्षी नको, साल सांग

आज मोटरहोमबद्दल बोलूया. म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळं. रील्समध्ये तुम्ही पाहिलंच असेल, खिडकीत डोंगर आणि हातात कॉफी. पण निघायच्या आदल्या दिवशी काय करायचं असतं, ते रीलमध्ये नसतं. आज तेच सांगतो.

मी अमेरिकेत राहतो, कोलोरॅडोमध्ये, डेन्व्हरजवळ. 2023 साली आम्ही एक जुनं मोटरहोम घेतलं. जूनमध्ये साताऱ्याहून आई-बाबा आले. बेत असा होता की मागे आमची छोटी कार जोडायची आणि रॉकी पर्वत ओलांडून युटाहला जायचं. कार कशाला? मुक्कामी एकदा मोठी गाडी लावली की दूध आणायला ती परत कोण काढणार!

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आंबेनळी घाट त्यांना पाठ. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर ठोकून पाहिले आणि विचारलं, "टायर कधीचे रे?"

"नवेच आहेत बाबा, नक्षी बघा ना."

"नक्षी नको, साल सांग."

टायरच्या बाजूवर 'डीओटी' अशी अक्षरं असतात. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर होतं 2314, म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा. नऊ वर्षांचं रबर! मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभंच असतं. नक्षी झिजत नाही, पण उन्हाने आणि वयाने रबर कडक होत जातं. टॉर्च मारला तर बाजूला बारीक भेगा दिसल्या. असा टायर भर वेगात फुटला असता तर? पलंगावर आई झोपलेली असणार होती.

बाबांचा दुसरा प्रश्न, "भरल्या गाडीचं वजन किती?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

प्रवास तीन दिवस पुढे ढकलला. सहाही टायर बदलले. मग सगळं सामान भरून हायवेवरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर गेलो. तिथे पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल, दोन्हींचं वजन वेगळं कळतं. दाराजवळच्या स्टिकरवर मर्यादा लिहिलेली असते. मागच्या अ‍ॅक्सलवर आमचं 180 किलो जास्त निघालं. कारण? मागची पाण्याची टाकी मी काठोकाठ भरली होती, दीडशे लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, साधं गणित. शंभरेक लिटर सोडून दिलं, डबे-पिठं पुढच्या कपाटात हलवली. पाणी काय, मुक्कामी भरता येतं.

आता कार ओढणं. आम्ही चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढणार होतो. प्रत्येक कार अशी ओढता येत नाही. कितीतरी ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअरबॉक्स त्याने जळतो, म्हणून आधी कारचं मॅन्युअल वाचा. दोन्ही गाड्या मिळून किती वजन चालेल, ती मर्यादाही वेगळी असते. जोडणीच्या दांड्याखाली सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींना फुलीसारख्या छेद देऊन लावायच्या. मागच्या कारला स्वतःचा ब्रेक लागेल अशी सोय करायची. आणि एक बारीक तार असते. कार सुटलीच तर ती ताणली जाऊन पिन निघते आणि कारचे ब्रेक लागतात. या तारेचं टोक मी जोडणीच्या दांड्यालाच अडकवलं होतं. बाबा म्हणाले, "दांडाच निसटला तर तार त्याच्याबरोबरच जाईल. मग पिन ओढणार कोण?" टोक मोटरहोमच्या चासीला बांधलं. शेवटी एकाने आत बसून ब्रेक, इंडिकेटर द्यायचे, दुसऱ्याने मागे उभं राहून दिवे बघायचे. आणि कार अशी जोडलेली असताना रिव्हर्स नाही घ्यायचा!

बाकी पटापट: गॅसचा सिलिंडर बंद, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तपासलेला, कपाटांना कड्या. कुकर हवेत उडालेला कुणालाच आवडत नाही. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

मग निघालो. आयझेनहॉवर बोगदा जवळपास 3,400 मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला बाहेर पडलात की सात टक्क्यांचा उतार. ब्रेक गेलेले ट्रक चढवायला बाजूला खडीचे चढ केलेत, त्यावरून काय ते समजा. माझा पाय सारखा ब्रेककडे. बाबा शेजारून शांतपणे म्हणाले, "गिअर खाली टाक. इंजिनला धरू दे. ब्रेक दाबून ठेवू नकोस, दाब आणि सोड." गाडी घुरघुरली आणि आवरली. खाली पोचेपर्यंत दोघंही बोललो नाही.

खाली थांबल्यावर बाबा उतरले आणि पुन्हा एक फेरी मारून आले. प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन पाहिला, कुठे जास्त तापलंय का. मी विचारलं, "आता कशाला?"

"पोचलो म्हणून," ते म्हणाले. "अजून परत जायचंय ना."

तुम्ही कोकणात कॅम्पर भाड्याने घ्याल, तेव्हा चावी हातात घेण्याआधी ती फेरी मारा. टायरवरचे चार आकडे तिथेही असतातच. भेटूया पुढच्या भागात!