थेंबभर रक्ताची साक्ष

(जुबिलीनिमित्त दिलेलें व्याख्यान)



आपल्यांतील कित्येक भगिनी रोज सकाळीं उपाशीपोटीं थायरॉईडची गोळी घेतात हें मला ठाऊक आहे. कारण पहिल्या मिस्सेनंतर चहा पुढें केला, तर "अजून अर्धा तास थांबा, फादर" असें उत्तर मिळतें. गोळी केवढी द्यावयाची हें डॉक्टर रक्त तपासून ठरवितात. परंतु गळ्यांतील त्या लहानशा ग्रंथीचा स्राव रक्तांत इतका अल्प असतो, कीं तो अचूक मोजावा कसा हें एके काळीं मोठेंच कोडें होतें. तें सोडविण्याची वाट ज्या दोघांनीं दाखविली, त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हे. चूकभूल द्यावी घ्यावी.

रोझालिन यॅलो ह्यांचा जन्म १९२१ सालीं न्यूयॉर्क येथें एका ज्यू कुटुंबांत झाला. १९४१ सालीं त्या पदार्थविज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठीं इलिनॉय विद्यापीठांत गेल्या, तेव्हां तेथील अभियांत्रिकी शाखेच्या ४०० अध्यापकवर्गांत त्या एकट्याच स्त्री होत्या. पुढें ब्राँक्समधील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, झाडूबादल्या ठेवण्याच्या एका खोलींत त्यांनीं प्रयोगशाळा थाटली. १९५० सालीं डॉ. सॉलोमन बर्सन त्यांना येऊन मिळाले. एकीचें पदार्थविज्ञान, दुसऱ्याचें वैद्यक. दोघेंही एकमेकांचे गुरु आणि एकमेकांचे शिष्य.

आरंभ थायरॉईडपासूनच झाला. ही ग्रंथि रक्तांतील आयोडीन ओढून घेते. म्हणून किरणोत्सर्गी आयोडीन देऊन ती तें किती वेगानें ओढते, हें त्यांनीं मोजलें. मग तेंच आयोडीन त्यांनीं खूण म्हणून इन्सुलिनला जोडलें, आणि येथें नवल घडलें. ज्या रुग्णांना पूर्वी जनावरांचें इन्सुलिन टोंचलें होतें, त्यांच्या रक्तांत हें खुणेचें इन्सुलिन इतरांपेक्षां अधिक वेळ रेंगाळूं लागलें. शरीरानें त्याविरुद्ध प्रतिद्रव्यें निर्माण केलीं होतीं, व तीं त्याला धरून ठेवीत होतीं! इतक्या लहान पदार्थाविरुद्ध प्रतिद्रव्यें होतच नाहींत, असें पंडितांचें मत. १९५५ सालीं त्यांचा निबंध परत आला. शीर्षकांतून 'प्रतिद्रव्य' हा शब्द गाळल्यावरच तो १९५६ सालीं छापला गेला.

दोघांनीं मग हीच गोष्ट उलटी वापरली. सणाच्या दिवशीं मंदिरांत बांक मोजकेच आहेत अशी कल्पना करा. बिल्ला लावलेले शंभर स्वयंसेवक व बिल्ला नसलेले पाहुणे एकदमच आंत शिरले, तर पाहुणे जितके अधिक, तितके बिल्लेवाले अधिक उभे राहतील. उभे असलेले बिल्ले मोजा. पाहुण्यांचा हिशोब आपोआप लागतो. बांक म्हणजे प्रतिद्रव्यें, बिल्लेवाले म्हणजे खुणेचें इन्सुलिन आणि पाहुणे म्हणजे रुग्णाच्या रक्तांतील इन्सुलिन. १९५९ सालीं ही रीत प्रसिद्ध झाली.

इन्सुलिनची रीत पुढें थायरॉईडच्या स्रावांनाही लागू पडली. कांहीं बालकें ही ग्रंथि दुबळी घेऊनच जन्मास येतात. बाळ दिसावयास धडधाकट असतें, आईला कांहींच कळत नाहीं, आणि उपचाराविना महिने गेले कीं बुद्धीची वाढ कायमची खुंटते. टांचेंतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून अशीं बालकें शोधण्याचें काम १९७० च्या दशकांत कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत सुरू झालें, तें ह्याच रीतीनें. वेळीच गोळी मिळाली, तर तें मूल इतरांसारखेंच शाळेंत जातें. आतां बहुतेक ठिकाणीं किरणोत्सर्गी खुणेऐवजीं दुसऱ्या खुणा वापरतात, तत्त्व तेंच. आपल्या मुंबईंतही परळ येथें १९६३ सालीं रेडिएशन मेडिसिन सेंटर निघालें, व किरणोत्सर्गी आयोडीन थायरॉईडच्या रुग्णांच्या कामीं येऊं लागलें.

ह्या शोधाचें पेटंट घेऊन दोघेंही धनाढ्य झालीं असतीं. त्यांनीं तें घेतलें नाहीं. जो येईल त्यास रीत शिकविली.

१९७२ सालीं बर्सन हृदयविकारानें एकाएकीं वारले. वय अवघें ५३. मजपेक्षां थोडेंसेंच कमीअधिक. १९७७ सालीं नोबेल पारितोषिक आलें, तेव्हां तें यॅलोबाईंना मिळालें. मृतांना तें देत नाहींत. स्टॉकहोमच्या व्याख्यानांत त्यांनीं तें १९५५ चें नकाराचें पत्र सर्वांसमोर मांडलें. मला मात्र त्यांची दुसरी एक गोष्ट अधिक आवडते. बर्सन गेल्यावर प्रयोगशाळेस त्यांचें नांव द्यावें, असा आग्रह बाईंनीं धरला, कारण निबंधावर प्रयोगशाळेचें नांव छापावेंच लागतें. त्यामुळें पुढें त्या तेथून जो जो निबंध धाडीत, त्यावर त्यांच्या नांवाखालीं बर्सन ह्यांचेंही नांव छापून येई.