शेतयंत्रांचा कारागीर कसा घडतो

भुसावळहून नागपूरकडे निघालेली गाडी वरणगांव मागें टाकून बोदवडला येते. तेथून पुढें मलकापूर आलें कीं खानदेश संपून वऱ्हाड लागतो. कापसाची जुनी बाजारपेठ म्हणून बोदवडची ओळख आहे. भोंवतालची जमीन काळी, आणि तींतलें बरेंचसें पीक पावसाच्या भरंवशावरचें. अशा मुलखांत जून महिना लागला कीं घरोघर एक शब्द ऐकूं येतो. तो शब्द म्हणजे वापसा. शहरांतील माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागतो. पहिला चांगला पाऊस झाला म्हणजे काळी जमीन इतकी चिकट होते कीं, तींत पाय टाकला तर पायाबरोबर चिखलाचा गोळा वर येतो आणि अवजार घातलें तर तें मातीनें लडबडून जातें. पुढें उघडीप पडली आणि ऊन तापलें कीं तीच जमीन कडक होऊं लागते. या दोहोंच्या मधली, ओल आहे पण चिखल नाहीं अशी जी अवस्था, ती वापसा. ती कधीं दोन दिवस टिकते, कधीं चार. पेरणी साधावयाची ती तेवढ्यांत.

आणि पुष्कळदां असें होतें कीं, नेमक्या याच दिवसांत पेरणीयंत्र जोडलेला ट्रॅक्टर अर्धें वावर झाल्यावर घुटमळतो आणि बंद पडतो. पूर्वी एखाद्याचा बैल आजारी पडला तर एका घराची पेरणी अडे. आज ट्रॅक्टर अडला तर दहा घरांची अडते. कारण लहान शेतकऱ्यापाशीं स्वतःचा ट्रॅक्टर नसतो, तो भाड्यानें बोलावलेला असतो, आणि याचें वावर संपण्याची वाट पाहत पुढचे नऊ जण बांधावर उभे असतात. अशा वेळीं ज्याला फोन जातो, त्या माणसाच्या शिक्षणाकडे शहरांतील सुशिक्षितांचें लक्ष फारसें जात नाहीं.

हा माणूस खेड्याला अगदींच नवा नव्हे. सुतार आणि लोहार हे गांवगाड्यांतले बलुतेदार. शेतकऱ्याचीं अवजारें दुरुस्त करणें हेंच त्यांचें काम. तिफणीचा फण, वखराची फास, मोटेचें चाक यांतील कांहींहि मोडलें तर शेतकरी त्यांच्या दारीं जाई. मोबदला त्या त्या दुरुस्तीचा नसे. सुगी झाली कीं खळ्यावर धान्याच्या रूपानें वर्षाचें बलुतें मिळे. या व्यवस्थेंत जातीचें बंधन होतें, अपमान होता, आणि ती गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. पण तिच्यांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लोहाराला पैसे घण किती वेळां मारला यावर मिळत नसत. गांवाचीं अवजारें चालतीं राहिलीं यावर मिळत.

हें गणित लोखंडी नांगरानें बदललें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ मध्यें आपला लोखंडी नांगर बाजारांत आणला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या समजुतीमुळें त्याला गिऱ्हाईक मिळेना, ही हकीकत अनेकांना ठाऊक आहे. तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. लांकडी नांगर गांवच्या सुताराला उलगडत असे. बिडाचा ओतीव भाग तडकला तर लोहाराच्या भट्टींत तो सांधतां येत नसे. हुबेहूब तसाच दुसरा भाग कारखान्यांतून यावा लागे. म्हणजे सुटा भाग ही वस्तु शेतकऱ्याच्या आयुष्यांत शिरली, आणि तिच्याबरोबर कोणता भाग बदलावयाचा हें ओळखणाऱ्या माणसाची गरजहि शिरली. पुढें विहिरीवरची मोट जाऊन तेलाचें इंजिन आलें. स्वातंत्र्यानंतर देशांतच ट्रॅक्टर तयार होऊं लागले. फरीदाबादच्या कारखान्यांतून पहिला ट्रॅक्टर १९५९ मध्यें बाहेर पडला. २०२२-२३ या एका वर्षांत भारतांत नऊ लाखांहून अधिक ट्रॅक्टर विकले गेले. विकणारा दुकानदार शहरांत असतो. बिघाड मात्र वावरांत होतो.

दुरुस्ती करणारीं माणसें मुद्दाम तयार केलीं पाहिजेत, ही जाणीव सरकारला झाली ती एका गवतामुळें असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. मध्य भारतांत खोल मुळांच्या कांस गवतानें हजारों एकर जमीन पडीक पाडली होती. तें उपटण्यासाठीं केंद्र सरकारनें एक ट्रॅक्टर संघटना उभी केली, युद्धानंतर उरलेले लष्करी ट्रॅक्टर कामाला लावले, आणि नवीं यंत्रें घेण्यासाठीं १९४९ मध्यें जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचें कर्ज काढलें. यंत्रें विकत मिळालीं. तीं चालवणारे आणि दुरुस्त करणारे हात मात्र विकत मिळण्यासारखे नव्हते. १९५५ मध्यें नर्मदेच्या कांठीं बुदनी येथें ट्रॅक्टर-शिक्षणाचें केंद्र निघालें. तें आजहि चालूं आहे, आणि बोदवडच्या मुलाला फारसें दूर नाहीं. भुसावळला गाडी बदलून खंडवा, इटारसी करीत नर्मदा ओलांडली कीं बुदनी. पुढें हरियाणांत हिसार, आंध्रांत अनंतपूर जिल्हा आणि आसामांत विश्वनाथ चारिआलि येथेंहि अशाच संस्था निघाल्या.

पण बुदनीला जाणारे थोडे. बहुतेक मुलांची वाट औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या ‘आय्. टी. आय्.’मधून जाते. कारागिरांच्या शिक्षणाची ही योजना १९५० मध्यें सुरूं झाली. दहावी झालेल्या मुलाला तींत ट्रॅक्टर मेकॅनिकचा एका वर्षाचा किंवा कृषियंत्रांच्या मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यास करतां येतो. दुसऱ्यांत ट्रॅक्टरखेरीज पेरणीयंत्र, मळणीयंत्र, फवारणीचे पंप, कापणीचीं यंत्रें हींहि येतात.

तेथें गेलेल्या मुलाची पहिली निराशा ठरलेली असते. इंजिन उघडावयास मिळेल या आशेनें तो येतो, आणि त्याच्या हातीं देतात एक कानस व लोखंडाचा एक चौकोनी तुकडा. हा तुकडा घासून सपाट कर आणि कोपरे काटकोनांत आण, एवढेंच काम. गुण्या लावून उजेडाकडे धरला कीं फटींतून प्रकाश दिसतो, पुन्हां घांस. दिवसच्या दिवस असे जातात. यांत वेळ फुकट जातो असें मुलांना वाटतें, पालकांना वाटतें, आणि कधीं कधीं शिकवणाऱ्यालाहि वाटत असावें. परंतु दोन दशांश मिलिमीटर म्हणजे किती, हें ज्याच्या बोटांना कळलें नाहीं, त्याच्या हातीं पुढें व्हॉल्व्हची फट देणें धोक्याचें असतें. ही फट कारखान्यानें नेमून दिलेली असते आणि ती मिलिमीटरच्या कांहीं दशांशांत मोजावयाची असते. ती कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता बसत नाहीं आणि जळतो. जास्त ठेवली तर इंजिन खडखडतें व जोर धरीत नाहीं. अंदाजानें हें काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांनीं बसवलेलीं इंजिनेंहि चालतात, पण पुढच्या हंगामांत तीं पुन्हां उघडावीं लागतात.

मोजमापानंतर येतें तें निदान. वैद्य जसा आधीं जीभ पाहतो, तसा शिकलेला कारागीर आधीं धूर पाहतो. धूर काळा असेल तर आंत डिझेल जास्त किंवा हवा कमी. आणि खानदेशांत चैत्र-वैशाखांतल्या नांगरटीची धूळ ज्यानें पाहिली आहे, त्याला हवा कां कमी पडते हें सांगावयास नको. हवा गाळण्याच्या भांड्यांतील तेलांत तळाशीं चिखलाचा थर बसलेला असतो. धूर निळा असेल तर इंजिन स्वतःचें वंगण जाळीत आहे, म्हणजे दट्ट्याच्या कड्या झिजल्या असण्याचा संभव. पांढरा असेल तर डिझेल न जळतां बाहेर पडतें आहे, नाहीं तर आंत पाणी शिरलें आहे. अवजार उचललें जात नाहीं अशी तक्रार आली तर उचलण्याचा पंप खोलण्याआधीं तेलाची पातळी पाहावी, मग गाळणी पाहावी. सोपें आणि फुकटाचें कारण आधीं तपासावें, अवघड आणि खर्चाचें मागून, हा या विद्येचा पहिला पाठ. बाजारांत नेमका उलटा क्रम चालतो, कारण खर्चाच्या कारणांतच कमाई असते.

दट्ट्या हा शब्द येथें आला खरा, पण यंत्रशाळेंत तो कोणी उच्चारीत नाहीं. तेथें पिस्टन, नोझल, प्लंजर, पाना, ग्रीस हीच भाषा चालते, आणि ती चालण्यास हरकतहि नाहीं. हरकत आहे ती इतकीच कीं, ट्रॅक्टरबरोबर येणारी सविस्तर दुरुस्तीची पुस्तकें मराठींत सहसा मिळत नाहींत. ज्या मुलाला मशागतीचें सारें शास्त्र आईच्या भाषेंत येतें, तो चित्रें पाहून पान उलटतो.

या शाळेखेरीज दुसरी एक शाळा बाजारपेठेच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराखालीं भरते. तेथें उस्ताद असतो, त्याच्या हाताखालीं दोन-तीन पोरें असतात. पहिलें वर्ष सुटे भाग डिझेलमध्यें धुण्यांत आणि चहा आणण्यांत जातें. पण या शाळेंत एक गोष्ट अशी मिळते, जी सरकारी संस्थेंत मिळणें कठीण. संस्थेंतील ट्रॅक्टर वर्षानुवर्षें तोच असतो. शेंकडों मुलांनीं तो इतक्यांदा उघडलेला असतो कीं, त्याचे आटे झिजलेले असतात, आणि तो वावरांत कधीं गेलेलाच नसतो. छपराखालीं मात्र रोज नवा रोगी येतो. उस्ताद इंजिनाच्या अंगाला पान्याचें टोक लावून दुसरें टोक कानाशीं धरतो आणि कोणत्या सिलिंडरांत आवाज आहे तें सांगतो. तें तो कसें सांगतो हें विचारलें तर त्याला समजावतां येत नाहीं. अशा माणसांच्या पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासूनच्या कौशल्यविकासाच्या योजनेंत झाली, हें उचित झालें. तरी खरा कारागीर घडतो तो संस्थेंतून बाहेर पडल्यावर वर्ष-दोन वर्षें अशा छपराखालीं किंवा कंपनीच्या दुरुस्तीकेंद्रांत उमेदवारी करून. उमेदवारीसंबंधीं १९६१ चा कायदा आहे. त्याप्रमाणें विद्यावेतनहि मिळतें. छपराखालीं कायदा पोंचत नाहीं, तेथें जेवण आणि हातखर्च मिळाला तरी पुष्कळ.

उस्तादाच्या शाळेंत एका विषयाची मात्र फार आबाळ होते. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूस एक फिरता दांडा असतो. त्याला मळणीयंत्र किंवा रोटाव्हेटर जोडतात. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा गळ्यांतला गमछा त्यांत अडकला तर ओरडण्यास अवधि मिळत नाहीं. कारखान्यांतून येतांना या दांड्यावर झांकण असतें. दुरुस्तीच्या वेळीं तें काढावें लागतें. काम झाल्यावर तें परत बसवण्याचा कंटाळा येतो, आणि पुढें तें गोठ्याच्या कोपऱ्यांत पडून राहतें. मळणीयंत्रांनीं इतके हात तोडले कीं, १९८३ मध्यें संसदेला धोकादायक यंत्रांसाठीं वेगळा कायदा करावा लागला. भरणीचें तोंड ९० सेंटिमीटर लांब असावें व त्यांपैकीं ४५ सेंटिमीटर वरून झांकलेलें असावें, म्हणजे हात दांत्यांपर्यंत पोंचणार नाहीं, असें भारतीय मानक सांगतें. पण हरभऱ्याच्या खळ्यावर रात्रीं अकरा वाजतां मानक पाहावयास कोण येतो? येतो तो एकच, दुरुस्ती करणारा. झांकण बसवल्यावांचून यंत्र चालूं करणार नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आणि हिंमत या दोन्ही गोष्टी त्याच्या शिक्षणांत आल्या पाहिजेत. नोझलमधून सुटणारा डिझेलचा फवारा कातडी भेदून आंत शिरतो, म्हणून तो बोटानें तपासूं नये, हेंहि पुष्कळ उस्तादांना कोणी सांगितलेलें नसतें.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि त्या वर्गांत डिझेल सोडण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे गेलें. तेथें कानापेक्षां तपासणीचें उपकरण अधिक सांगतें. लहान शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मात्र बहुधा त्या मर्यादेखालचाच असतो, म्हणून बोदवडच्या वावरांत अजून कांहीं वर्षें तरी धूर पाहणाऱ्या डोळ्यांना काम आहे.

तेव्हां वापशाच्या त्या दिवशीं बांधाशीं मोटारसायकल येऊन थांबते. उतरणारा मुलगा आधीं विचारतो, “दादा, बंद पडण्याआधीं किती वेळ चालला?” उत्तर मिळतें, अर्धा तास, थोडा थांबवला कीं पुन्हां सुरूं होतो आणि पुन्हां मरतो. तो पानें काढीत नाहीं. डिझेलच्या टांकीचें झांकण सैल करतो. हवा आंत शिरल्याचा सूं असा आवाज येतो. झांकणाला एक बारीक भोंक असतें, डिझेल खर्च होईल तशी हवा आंत येण्यासाठीं. तें धुळीनें बुजलेलें असतें, म्हणून टांकींत ओढ निर्माण होऊन डिझेल पुढें जात नाहीं. तो तारेनें भोंक मोकळें करतो, डिझेलच्या नळींतली हवा काढून टाकतो, आणि इंजिन धडधडूं लागतें. सारें मिळून पंधरा मिनिटें. दुसऱ्या एखाद्यानें डिझेलपंप सोडून जळगांवला नेला असता. दोन दिवस आणि वापसा दोन्ही गेले असते.

“काय द्यायचें रे भाऊ?” मालक विचारतो. मुलगा आंकडा सांगतो. मालक तारेकडे पाहतो, मग झांकणाकडे पाहतो. पंप बदलला असता तर त्यानें याच्या वीसपट रक्कम कुरकुर न करतां मोजली असती, कारण हातांत कांहीं वस्तु आली असती. “भोंकाचेच इतके?” तो म्हणतो, आणि निम्मे पैसे पुढें करतो. मुलगा ते घेतो. पलीकडच्या वावरांतून त्याला दुसरी हांक आलेली असते.